आग्र्याचा पैलतीर

आग्र्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पाहुण्यांचा तोटा पडत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरात पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून ठेवण्याची पाळी क्वचितच येते. पाहुण्यांचा कार्यक्रमही ठरलेला असतो. सकाळी ताजमहाल, दुपारी किल्ला, किल्ल्यासमोरच्या शिवछत्रपतींच्या पुतळ्यास नमस्कार, "महाराज पेटाऱ्यातून निसटले ती जागा कोणती?" हा प्रश्न, आणि संध्याकाळी पेठ्याचे दोन डबे काखोटीस मारून मथुरेची गाडी. महाराज येथे १२ मे १६६६ रोजी आले आणि १७ ऑगस्टला निसटले; आमच्या पाहुण्यांना मात्र तीन महिने नव्हे, तीन प्रहरही हे शहर सोसत नाही. उन्हाने, फेरीवाल्यांनी आणि रांगांनी ते इतके त्रासतात की आग्रा म्हणजे एक संगमरवरी इमारत आणि तिच्याभोवतीचा गलका, एवढीच आठवण ते घेऊन जातात.

त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण पहिली दोन वर्षे आमचीही समजूत तीच होती. ती बदलली आमच्या एका काकांमुळे. काका नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग करतात. ताजमहालाच्या चौथऱ्यावर उभे राहून सारे जग घुमटाकडे पाहत असते. काका घुमटाकडे पाठ करून नदीकडे पाहत होते. पाहता पाहता ते म्हणाले, "अरे, हे पलीकडे हिरवे दिसते ते काय? आणि एवढ्या मोठ्या बागेला हे लोक पाणी कुठून देत होते?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हांस देता आली नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही त्यांना घेऊन पूल ओलांडला. त्यानंतर आजवर कित्येक रविवार आम्ही त्या डाव्या काठावर काढले आहेत, आणि कचेरीतून येताना ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांनी पुढचे काम केले आहे. जे हाती लागले ते येथे मांडतो. बदलीच्या गावी दिवस काढणाऱ्या वाचकांस त्यात परकेपणा वाटू नये, अशी आशा आहे.

डाव्या काठाच्या या कथेचा आरंभ एका त्रासलेल्या माणसापासून होतो. २० एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर इब्राहिम लोदीचा पाडाव करून बाबर आग्र्यास पोहोचला तो ऐन मे महिन्यात. ज्यांनी आग्र्याचा मे पाहिला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. त्याची माणसे उन्हाच्या झळांनी मरू लागली, सरदार परत काबूलला जाण्याच्या गोष्टी बोलू लागले. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या उणिवांची जी यादी दिली आहे ती वाचताना, नव्या ठिकाणी रुजू झालेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने घरी लिहिलेल्या पहिल्या पत्राची आठवण होते. येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, हमाम नाहीत, बागेतून वाहते पाणी नाही. आग्र्यास आल्यावर थोड्याच दिवसांत तो बागेसाठी जागा पाहावयास यमुना ओलांडून गेला. ती सपाट, उजाड जमीन पाहून त्याला इतकी किळस आली की बाग करण्याचा विचारच त्याने टाकून दिला. पण आग्र्याजवळ दुसरी जागाही नव्हती. तेव्हा जी मिळाली तीतच त्याने काम आरंभले.

आरंभ कशाने केला, तर विहिरीने. प्रथम मोठी विहीर, तिच्या पाण्यावर हमाम, मग अष्टकोनी हौद, मग वाफे आणि फुलझाडे. उष्मा, वारा आणि धूळ, या तीन गोष्टींनी आपणांस छळले आणि हमामात तिन्हींपासून सुटका होते, असे तो लिहितो. काकांच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच पुस्तकात आहे. हिंदुस्थानात पाणी कसे काढतात याचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. लाहोरकडे मडक्यांची माळ लावलेला रहाट, आणि आग्र्याकडे बैल जुंपून चामड्याच्या पिशवीने पाणी उपसण्याची रीत, म्हणजे आपली मोट. मोटेचे वर्णन करताना बाबराने नाक मुरडले आहे. बैलाच्या शेणामुतात लोळलेला दोर पुन्हा विहिरीत जातो, हे त्या नीटनेटक्या माणसाला पटले नाही. काकांना हे वाचून दाखविले तेव्हा ते हसून म्हणाले, "त्याचे खरे आहे, पण त्याच मोटेवर आमच्या आजोबांनी मळा पिकवला." ताजमहालाच्या बागेलाही पुढे मोटेचेच पाणी होते. नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून उंचावरील हौदांत साठवीत आणि तेथून नळांनी बागेत खेळवीत. कारंजी उडत होती ती बैलांच्या खांद्यांवर.

बाबर आणि त्याचे सरदार यांनी नदीपलीकडे ओळीने अशा आखीव बागा केल्या. असे काही पूर्वी न पाहिलेल्या आग्रेकरांनी त्या काठाचे नाव 'काबूल' असे पाडले. बाबराने ही गोष्ट मोठ्या समाधानाने नोंदविली आहे. त्याचा जिवलग सरदार ख्वाजा कलान याला मात्र ते नकली काबूल पुरले नाही. त्याने प्रकृतीचे कारण सांगून खऱ्या काबूलची बदली मागून घेतली, आणि जाताना दिल्लीच्या आपल्या घराच्या भिंतीवर हिंदुस्थानला उद्देशून एक कुचकट शेर लिहून ठेवला. बाबर त्यावर रागावला. पण तीन वर्षांनंतर, १५२९ साली, याच ख्वाजा कलानला पाठविलेल्या पत्रात तो लिहितो की, कोणी एक खरबूज आणून दिले, ते कापून खाताना आपणांस रडू कोसळले. पानिपत आणि खानव्याची मैदाने मारलेला हा माणूस एका फळापुढे हरतो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. त्याच वर्षी बल्खच्या एका माळ्याने आग्र्यात त्याच्यासाठी खरबुजे पिकविली आणि बागेतल्या वेलींना द्राक्षे धरली. तेव्हा त्याला मनापासून समाधान वाटले. पुढे दीडच वर्षाने, २६ डिसेंबर १५३० रोजी, तो आग्र्यातच वारला. त्याला प्रथम याच डाव्या काठावरील बागेत पुरले आणि काही वर्षांनी त्याचे अवशेष काबूलला नेले. मागितलेली बदली त्याला मिळाली ती अशी.

बाबराने घातलेला पायंडा पुढे शंभर-सव्वाशे वर्षे चालला. दिल्लीला किंवा लाहोरला राजवाड्याभोवती शहर वाढले; आग्र्यात मात्र शहराचा कणा म्हणजे नदी, आणि नदीच्या दोन्ही काठांवर एकाला लागून एक बागा. प्रत्येक बागेला नदीच्या बाजूस उंच चौथरा, त्यावर बारादरी, मागे चार भागांत विभागलेली बाग. श्रीमंतांची घरे वेगळी आणि बागा वेगळ्या अशी ती व्यवस्था नव्हती. बाग हेच घर होते. जयपूरच्या संग्रहात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आग्र्याचा एक नकाशा आहे. त्यात अशा चाळिसाहून अधिक बागा व हवेल्या मालकांच्या नावांसह दाखविल्या आहेत. कलाइतिहासकार एबा कॉख यांनी त्या नकाशाच्या आधारे एकेक बाग जागेवर जाऊन शोधली आणि त्यांचा ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या रांगेत ठेवून पाहिले म्हणजे ताजमहालाचा चमत्कार कमी होत नाही, पण त्याचे एकटेपण संपते. चाळीसांतील ती एक बाग होती, सर्वांत मोठी आणि सर्वांत नशीबवान.

या बागांच्या मालकीचा प्रकार आम्हां कारकुनी पेशाच्या लोकांस विशेष जवळचा वाटावा असा आहे. मनसबदाराला पगार, जहागीर, हवेली जे काही मिळे ते चाकरीपुरते. तो मेला की सरकारचे त्याच्याकडे येणे किती, याचा हिशेब सुरू होई आणि मालमत्तेवर मोहोर लागे. हिशेब फिटला तर वारसांना बादशहाच्या मर्जीनुसार काही मिळे. वाडा आणि बाग मात्र पुष्कळदा परत सरकारजमा होऊन दुसऱ्या अंमलदाराच्या नावे चढे. थोडक्यात, ती सरकारी क्वार्टरे होती, आणि 'नो ड्यूज'चा दाखला मिळण्याची यातायात तेव्हाही चुकली नव्हती. फ्रेंच प्रवासी बर्निये याने या रिवाजावर कडक टीका केली आहे. जी इमारत आपल्या मुलाला मिळावयाची नाही ती कोण दुरुस्त ठेवील, असा त्याचा रोख होता. या जाळ्यातून सुटण्याची एक वाट लोकांनी काढली होती. बागेच्या मध्यभागी मालकाची कबर झाली की ती बाग सहसा परत घेतली जात नसे. म्हणून माणसे जिवंतपणी बागेत राहत आणि मेल्यावर तीतच पुरली जात. आज डाव्या काठावर जे उभे आहे ते बहुतेक या कबरींनी राखलेले आहे. ज्या बागांत कोणी पुरले गेले नाही त्या गेल्या.

त्या राखलेल्यांपैकी दोन थडगी आम्हांस फार आवडतात, आणि दोन्ही परदेशांतून नोकरीसाठी आलेल्या कागदी कामाच्या माणसांची आहेत.

पहिले मिर्झा गियास बेगचे. इराणातून दैन्यावस्थेत निघालेल्या या माणसाला वाटेत कंदाहारला मुलगी झाली. तीच पुढे नूरजहान. गियास बेग हिशेबाच्या खात्यात चढत चढत जहांगीरचा वजीर झाला आणि त्याला 'इतिमाद-उद-दौला' हा किताब मिळाला. त्याचे अक्षर सुंदर होते, बोलणे मिठ्ठास होते, आणि लाच घेण्यात तो निर्भय होता, असे त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवले आहे. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या आजच्या साहेबांना असे तीन शब्दांत माणूस उभा करता येत नाही. पत्नी गेल्यावर थोड्याच महिन्यांत, १६२२ च्या आरंभी, तोही गेला. जहांगीरने त्याची सारी दौलत नूरजहानला दिली आणि तिने बापाच्या बागेत १६२८ पर्यंत जी कबर उभी केली ती पांढऱ्या संगमरवराची आहे. आत-बाहेर सगळीकडे रंगीत दगडांची पच्चीकारी आहे: सुरूची झाडे, फुलदाण्या, सुरया, फळे. ताजमहालाला लोक 'मोठा' म्हणतात. ही इमारत आपल्या हाताच्या मापाची वाटते. काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीनंतर येथले पाण्याचे पाट पुन्हा नीट दिसू लागले आहेत. हिवाळ्यातील सकाळी नदीकाठच्या लाल बारादरीत बसावे. तेथे फेरीवाला नसतो, छायाचित्रकार नसतो. माकडे असतात, पण ती पैसे मागत नाहीत.

दुसरे थडगे 'चिनी का रौजा'. शिराझहून आलेला शुक्रुल्ला, शाहजहानचा विद्वान दिवाण अफजलखान, १६३९ साली लाहोरला वारला आणि आग्र्यात आपल्या बागेत पुरला गेला. कबरीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या कौलांचे नक्षीकाम होते, म्हणून 'चिनी'. पुष्कळसे गळून गेले आहे. जे राहिले आहे ते एखाद्या जुन्या पैठणीच्या पदरासारखे, विटले तरी मूळचा रंग सांगणारे. या अफजलखानाचा भाऊ अमानतखान, ताजमहालावरील अक्षरे लिहिणारा. भाऊ गेल्याचे दुःख त्याला इतके झाले की दरबार सोडून तो पंजाबात गेला आणि तेथे त्याने एक सराई बांधली. तिच्या दरवाजावरील अक्षरेही त्याच्याच हातची आहेत. ताजमहाल पाहून येणाऱ्या लाखोंपैकी किती जण नदी ओलांडून त्या अक्षरकाराच्या भावाच्या कबरीशी येतात? आम्ही गेलो त्या दिवशी तेथे शेजारच्या वस्तीतील मुलांचा क्रिकेटचा डाव रंगात आला होता.

या दोहोंहून वरच्या अंगास रामबाग. ही बाबरी काळातील बाग नूरजहानने १६२१ च्या सुमारास नव्याने घडविली आणि तिला 'नूरअफशान' नाव दिले. नदीच्या बाजूस उंच चबुतरा, त्यावर हौदाच्या दोन अंगांस समोरासमोर दोन बारादऱ्या, खाली उन्हाळ्यात बसण्याच्या थंड खोल्या. बाहेरच्या चौकात मालमोटारींचा अखंड गजर चालू असतो आणि दरवाजातून पन्नास पावले आत गेले की तो विहिरीत पडल्यासारखा दूर जातो. जवळच आणखी एक बाग होती. ती मुमताजमहलने करविली आणि तिच्यामागे मुलगी जहानआराकडे गेली. मुमताजने स्वतः बांधलेले जे काही आग्र्यात होते ते हेच. आज त्यातले नदीकाठच्या एका बुरुजापलीकडे फारसे उभे नाही. जिच्यासाठी जगाने ताजमहाल पाहावा, तिने आपल्या हौसेने केलेल्या बागेचे हे असे झाले. येथे कोणाची कबर नव्हती.

'रामबाग' या नावात आपला हात आहे असे सांगतात. मूळचे 'आरामबाग', मराठ्यांनी त्याचे 'रामबाग' केले. हे कितपत खरे ते असो. मराठे येथे होते हे मात्र निश्चित. १७८५ साली महादजी शिंद्यांनी आग्र्याचा किल्ला घेतला. १७८७-८८ साली इस्माईल बेगने वेढा घातला तेव्हा लखबादादा लाडांनी किल्ला टाकला नाही, आणि जून १७८८ मध्ये कुमक येऊन वेढा उठला. पुढे १८०३ च्या ऑक्टोबरात लॉर्ड लेकने किल्ला घेईपर्यंत अठरा वर्षे आग्रा शिंद्यांकडे राहिले. अठरा वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे. बाबर येथे साडेचार वर्षे होता.

या अठरा वर्षांत आपल्या लोकांनी आग्र्यात एखादी बाग केली काय, हे पाहण्याचा आम्ही प्रयत्न केला. आमच्या पाहण्यात काही आले नाही. युद्धांच्या धामधुमीत, तनख्यासाठी अडून बसलेल्या पलटणींत बाग कोण करणार, हे कारण खरे आहे. पण बाबराची साडेचार वर्षेही विश्रांतीची नव्हती. आम्हांस वाटते, आपली माणसे येथे मनाने राहिलीच नाहीत. त्यांचे चित्त पुण्याकडे, उज्जैनीकडे, ग्वाल्हेरीकडे लागलेले. हे लिहिताना आमच्या क्वार्टराच्या मागील अंगण आमच्या डोळ्यांपुढे आहे. त्यात पहिली तीन वर्षे आम्हीही एक तुळस सोडता काही लावले नव्हते. "आज ना उद्या बदली होईलच," हे आमचे उत्तर तयार असे.

शिंदेशाहीची आग्र्यातील सर्वांत देखणी खूण एका डचाची आहे, आणि तीही बागेतच. दिवाणी कचेऱ्यांच्या बाजूस रोमन कॅथलिकांचे जुने कब्रस्तान आहे; अकबराच्या वेळेपासून अर्मेनियन व्यापारी येथे पुरले जात. १६१४ साली मेलेला इंग्रज व्यापारी जॉन मिल्डनहॉल येथेच आहे. कडुनिंबाच्या गर्द सावलीत शेकडो थडगी, आणि त्यांच्यामध्ये एक लाल दगडाचा छोटा ताजमहाल. जॉन हेसिंग हा महादजींच्या आणि नंतर दौलतरावांच्या चाकरीतील सेनापती. आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. २१ जुलै १८०३ रोजी तो वारला आणि त्याच्या पत्नीने हे स्मारक करविले. शाहजहानने पत्नीसाठी बांधलेल्या इमारतीची प्रतिकृती एका विधवेने पतीसाठी उभारली, तीही सम्राटाच्या खजिन्याशिवाय. तीन महिन्यांच्या आत किल्ल्यावर दुसऱ्यांचे निशाण चढले. आमच्या पाहुण्यांपैकी ज्यांना वेळ असतो त्यांना आम्ही येथे आवर्जून नेतो. मराठी दौलतीच्या चाकराचे थडगे पाहावयास मराठी माणसाने यावे, एवढाच हेतू.

आता महताब बाग. ताजमहालाच्या बरोबर समोर, नदीच्या पलीकडे, ताजच्या बागेएवढ्याच रुंदीची. काकांनी चौथऱ्यावरून पाहिलेले हिरवे ते हेच. शाहजहानने ती चांदण्या रात्री ताज पाहण्यासाठी करविली; म्हणजे नदी ही मध्ये आलेली अडचण नव्हे, तर बागेचाच एक पाट, अशी ती मूळची रचना. तिचे आयुष्य मात्र अल्प ठरले. १६५२ च्या डिसेंबरात शाहजादा औरंगजेब दक्षिणेच्या सुभेदारीवर निघाला असता आग्र्यास थांबला आणि बापाला त्याने जे पत्र लिहिले ते एखाद्या तपासणी अहवालासारखे आहे: ताजच्या घुमटातून पावसाळ्यात उत्तरेकडून गळते, महताब बाग पुरात बुडाल्याने तिची शोभा गेली आहे, पण लवकरच पूर्ववत होईल, अष्टकोनी हौद आणि भोवतालची बारादरी शाबूत आहेत. 'लवकरच पूर्ववत होईल' हे वाक्य सरकारी अहवालांत किती जुने आहे, ते यावरून कळावे. औरंगजेब पुढे आपल्या मुलखात गेला आणि त्याचा शेवटही तिकडेच झाला. ती कथा मराठी वाचकांस सांगण्याचे कारण नाही.

बाग काही पूर्ववत झाली नाही. पुरामागून पूर येऊन तिच्यावर गाळाचे थर बसले, आणि त्या गाळावर गावकरी पिके घेऊ लागले. भुईतून डोकावणारे चिरेबंदी तुकडे पाहून लोकांनी तर्क बांधला की शाहजहान येथे स्वतःसाठी काळा ताजमहाल बांधणार होता. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने नदीपलीकडच्या दुसऱ्या कबरीची गोष्ट लिहून ठेवली होती, तिला हा आधार मिळाला. १९९० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने आणि अमेरिकन अभ्यासकांनी येथे उत्खनन केले तेव्हा काळ्या कबरीचा पाया निघाला नाही. निघाला पंचवीस कारंज्यांचा मोठा अष्टकोनी हौद, ज्यात समोरच्या ताजचे प्रतिबिंब पडावे. वाटाडे मात्र अजून काळा ताजच सांगतात. बागेपेक्षा कबर लोकांना अधिक पटते.

ताजच्या आतील बागही आज आहे तशी पूर्वी नव्हती. ती फळझाडांनी दाट होती. इमारत झाडांतून थोडी थोडी दिसे. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या वेळी झाडी विरळ करून हिरवळी आखल्या गेल्या, आणि आज छायाचित्रांतून जी मोकळी बाग दिसते ती बरीचशी त्या इंग्रजी आवडीची आहे. सावली हवी असणाऱ्याने म्हणूनच नदी ओलांडावी. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजभोवतीच्या २९२ कारखान्यांना गॅस वापरा अन्यथा स्थलांतर करा असा आदेश दिला, आणि त्या काळापासून ताजच्या भोवती झाडे लावण्याला जोर आला. जुन्या बागांच्या कित्येक जागांवर आज रोपवाटिका आहेत. चारशे वर्षांनी त्याच मातीत रोपेच विकली जातात, हे आम्हांस उद्यानांच्या फलकांपेक्षा अधिक आश्वासक वाटते. नदीविषयी मात्र काय लिहावे! वर्षातील आठ महिने ती एक काळसर ओघळ असते, आणि तिच्या वासामुळे बारादरीत बसलेला माणूस उठून जातो. बागांचे सारे शास्त्र ज्या पाण्यावर उभे होते ते पाणीच गेले आहे.

जुलै २०२३ मध्ये ते एकदा परत आले. पंचेचाळीस वर्षांत प्रथमच यमुनेचे पाणी ताजमहालाच्या बाहेरील भिंतीला लागले आणि महताब बाग बुडाली. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी आम्ही गेलो. झाडांच्या खोडांवर गाळाची रेघ सर्वत्र एका उंचीवर आखल्यासारखी होती. दोन माळी रबरी नळीने झुडपांची पाने धूत होते. "किती दिवस लागतील?" असे विचारता त्यांतील वयस्कर म्हणाला, "बाबूजी, कुछ दिन में सब ठीक हो जाएगा." औरंगजेबाचे पत्र आम्हांस तेथे शब्दशः आठवले. पण तो बोलत असता त्याचे हात थांबले नव्हते.

या मार्चात आमचाही हुकूम आला. क्वार्टर सोडताना सामानाची यादी करून सही करावी लागते. छताचे पंखे दोन, नळ तीन, खिडक्यांच्या काचा अकरा, पैकी एक तडकलेली. मागच्या अंगणात काकांनी चौथ्या वर्षी नाशिकहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली द्राक्षाची काडी आता मांडवावर चढली आहे, आणि शेजारी हातभर कढीपत्ता आहे. यादी करावयास आलेल्या गृहस्थांना आम्ही ती दाखविली. त्यांनी छापील नमुना उलटसुलट पाहिला आणि झाडांना रकाना नाही असे सांगितले. आमच्या जागी येणारे गृहस्थ केरळचे आहेत, असे कळले. कढीपत्त्याची ओळख त्यांना करून द्यावी लागणार नाही. द्राक्षाची छाटणी केव्हा करावयाची ते आम्ही काकांना विचारून इंग्रजीत एका कागदावर लिहिले, आणि तो कागद किल्लीबरोबर पाकिटात घातला.